बदामीच्या लाल खडकांत पोराबाळांसकट मुक्काम, आणि सिडिलफडीची चित्रं

बेळगावची माणसं सुट्टी लागली की पश्चिमेला पळतात. आंबोली, तिलारी, गोवा, फार तर दांडेली. तीच गाडी पूर्वेला वळवली तर साधारण दीडशे किलोमीटरवर बदामी आहे आणि बदामीच्या मागच्या डोंगरात, सिडिलफडी नावाच्या जागी, इतिहासपूर्व काळातल्या माणसांनी खडकावर काढलेली चित्रं आहेत. आपल्याकडे बदामी म्हणजे शाळेची सहल, चार लेणी, माकडं आणि बनशंकरीचं दर्शन, एवढ्यावर विषय संपतो. पुरातत्त्वज्ञ वाकणकरांमुळे मध्य प्रदेशातलं खडकचित्रांचं भीमबेटका मराठी घरांत माहीत झालं, पण घरापासून चार तासांवरची चित्रं बघितलेला माणूस मला तरी आमच्या ओळखीत सापडला नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितेय. पोरं आणि म्हातारी माणसं बरोबर घेऊन, तंबू टाकून, खडकांत राहून बघायचं असेल त्यांच्यासाठी.

आम्ही डिसेंबरात गेलो. आमचं घर, नणंदेचं घर, सासूबाई, आणि सात ते चौदा वयाची पोरं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरा. हा भाग पर्जन्यछायेतला. मार्च उजाडला की खडक दिवसभर तापतो आणि रात्रीही धग सोडत नाही. एप्रिल-मेमध्ये पोरांना इथं आणणं म्हणजे छळ. पावसाळा संपता संपता बदामीतल्या अगस्त्य तलावाच्या वरच्या कड्यावरून अक्का-तंगीचा धबधबा कोसळतो, तो बघायला जरूर जा, पण तेव्हा लॉजवर उतरा. पौषातली बनशंकरीची जत्रा बघण्यासारखी असते, कितीतरी मराठी घरांची ती कुलदेवता. मात्र त्या दिवसांत आजूबाजूला तंबूला निवांत जागा मिळायची नाही.

वाट यरगट्टी, रामदुर्ग, कुळगेरी क्रॉस, बदामी अशी. यरगट्टीला गिरमिट आणि मिरची भजी खाऊन निघालो. रामदुर्ग म्हणजे भाव्यांचं जुनं संस्थान; गावाच्या आसपासच डोंगरांचा रंग बदलायला लागतो. काळी रानं मागे पडतात आणि आडव्या थरांचे तांबूस कडे दिसू लागतात. वाटेत मलप्रभा भेटते. आपल्या खानापूर तालुक्यात कणकुंबीला उगम पावलेली ही नदी. कणकुंबीचा पाऊस आमच्या पोरांनी छत्री उलटी होईपर्यंत अनुभवलेला, आणि इथं तीच नदी कोरड्या, काटेरी मुलखातून जाताना बघून थोरला म्हणाला, ‘हे पाणी आपल्याकडचंच की!’ नकाशा मांडीवर घेऊन बसवा पोरांना, हा भूगोल पुस्तकातून कळत नाही.

रेल्वेनं यायचं तर हुबळी-सोलापूर मार्गावर बदामी स्टेशन आहे, गावापासून पाचेक किलोमीटर. तंबूचं सामान असेल तर आपली गाडीच बरी.

आता मुक्कामाचं. लेणी, किल्ला, तलावाचा काठ हा सगळा पुरातत्त्व खात्याचा परिसर, तिथं तंबू टाकायचा विचारही करू नका. डोंगरात परवानगीशिवाय रात्र काढणंही बरोबर नाही. आम्ही गावाबाहेर, कड्याच्या पायथ्याशी असलेल्या एका शेतात उतरलो. कन्नड बोलता येत असेल तर निम्मं काम तिथंच होतं. शेतकरी अज्जांना रीतसर विचारलं, किती माणसं, किती रात्री, चूल पेटवणार की नाही, सगळं आधी सांगितलं. त्यांची एकच अट होती, ‘गुड्डदाग बेंकी हच्चब्याड्री,’ डोंगरात आग लावू नका. डिसेंबरात गवत वाळलेलं असतं, एक ठिणगी पुरते. आम्ही गॅसची छोटी शेगडी नेली होती, तीही त्यांच्या गोठ्याजवळच्या मोकळ्या जागेतच पेटवली. शेतघराजवळ संडास आहे का, हे निघण्याआधी फोनवर विचारून घ्या. बरोबर बायका आणि म्हातारी माणसं असताना हा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा.

तंबू असा घ्या की जो खुंट्यांशिवाय उभा राहतो. मातीचा थर पातळ, खाली लगेच खडक लागतो, खुंटी वीतभरही जात नाही. आम्ही दोऱ्या मोठ्या दगडांना बांधल्या. रात्री कड्यावरून वारा उतरतो तेव्हा त्या दगडांचं मोल कळतं. संध्याकाळी खडकाची ऊब असते म्हणून पोरं स्वेटर काढून टाकतात, आणि पहाटे चारला कुडकुडत उठतात. पांघरुणं जास्तीची ठेवा. बूट तंबूच्या आत ठेवा आणि सकाळी झटकूनच पाय घाला. विंचवाचा मुलूख आहे. पोरांनी हौसेनं दगड उलटे करायचे नाहीत, हे पहिल्याच तासाला ठामपणे सांगून टाका. साप चावला तर मंत्र-तंत्र, कापाकापी काही न करता थेट सरकारी दवाखाना गाठायचा. बदामी तालुक्याचं गाव आहे, फार लांब जावं लागत नाही.

संध्याकाळी ऊन तिरपं झालं की पोरांना त्या खडकाजवळ न्या. बदामीचा वालुकाश्म, म्हणजे वाळूचाच दगड झालेला. पृथ्वीवर हाडं-शिंपल्यांचे प्राणी यायच्याही आधीचा, ५४ कोटी वर्षांहून जुना. आमच्या शेताच्या बांधावर एक सपाट शिळा होती आणि तिच्यावर बोटभर अंतरानं वळणदार रेघा, एकीमागं एक. उथळ पाण्याच्या हालचालीनं वाळूवर उठलेले तरंग, तसेच्या तसे दगडात राहिलेले. धाकटी पालथी पडून त्यावर गाल टेकून बघत होती, एका बाजूनं उतार मोठा, दुसऱ्या बाजूनं कमी. पाणी कुठल्या दिशेनं गेलं असेल यावरून पोरांची जी जुंपली ती जेवणापर्यंत चालली. एवढ्या जुन्या पाण्याची दिशा आज आठ वर्षांच्या पोरीला ओळखता यावी, मला तरी हे फार मोठं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सिडिलफडी. पहाटे उजाडताच निघा. इथं गाडी जात नाही, पठारावरून पायवाट आहे. चढ अवघड नाही, पण वाटांना फाटे रग्गड आणि निवडुंग, काटेरी झुडपं सगळीकडे सारखीच दिसतात. वाट हुडकत बसण्यापेक्षा गावातला माहीतगार माणूस बरोबर घ्या. लेण्यांच्या पायथ्याशी वाटाडे भेटतात. चित्रं दाखवायची आहेत हे स्पष्ट सांगा, नाहीतर नुसती दगडी कमान दाखवून परत आणतील. पैसे आधी ठरवा, घासाघीस मात्र करू नका. त्या माणसाला ही वाट तोंडपाठ आहे म्हणूनच तुमची पोरं सुखरूप परत येतात. आमच्या वाटाड्या अण्णांनी तर सासूबाईंसाठी वाटेत काठी तोडून दिली आणि दर चढावर ‘अज्जी, सावकाश बर्री’ म्हणत थांबत होते. सासूबाईंचं वय सत्तरीपुढचं, त्या नीट गेल्या आणि आल्या. गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र तलावकाठीच थांबावं.

जाऊन-येऊन, बघून, बसून अर्धा दिवस धरा. वर पाणी नाही. माणशी किमान दोन-तीन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, संत्री एवढं हवंच. सुती लांब विजार घाला. कुसळं मोज्यांत घुसतात आणि घरी आल्यावरही निघता निघत नाहीत.

सिडिलफडी म्हणजे प्रचंड शिळांची नैसर्गिक कमान आणि तिच्याखालचा आडोसा. आत गेल्यावर पहिली काही मिनिटं काहीच दिसत नाही, आणि इथंच बरीच माणसं ‘काही नाही हो’ म्हणून मागे फिरतात. थांबा. बॅगा खाली ठेवा, पाणी प्या, डोळे सावलीला सरावू द्या. मग तांबूस खडकावरच थोडा जास्त गडद तांबडा रंग वेगळा व्हायला लागतो. आम्हाला आधी एक शिंगांचा प्राणी दिसला, पाठीची एकच रेघ शिंगापासून शेपटीपर्यंत न उचलता ओढलेली. मग माणसं. अंग म्हणजे एक दांडी, हातपाय म्हणजे चार रेघा, आणि तरीही कोण पळतंय, कोण उभं आहे, ते लगेच कळतं. काही आकृत्या पांढुरक्या. नणंदेचा मुलगा चित्रकलेच्या परीक्षेची तयारी करतोय; तो गप्प होऊन कितीतरी वेळ त्या एका पाठीच्या रेघेकडे बघत राहिला आणि नंतर वहीत ती रेघ पुन्हा पुन्हा ओढून बघत होता.

तांबडा रंग लोहाच्या मातीचा, गेरूच. याच डोंगराला तांबडं करणारं लोखंड त्या माणसांनी रंग म्हणून वापरलं. मलप्रभेच्या खोऱ्यात माणूस किती जुना आहे याचा शोध भूगर्भशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी एकोणिसाव्या शतकात सुरू केला, त्यांना इथं अश्मयुगीन हत्यारं सापडली. पुढे १९५० च्या दशकात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या परंपरेतले रा. वि. जोशी यांनी या खोऱ्याचा बारकाईनं अभ्यास केला. म्हणजे मराठी माणसांना हा प्रदेश नवा नाही, आपणच जायचं सोडलं.

आता मनापासून एक विनंती. चित्रांना हात लावू नका. घाम, तेल, सनस्क्रीन, सगळं त्या रंगावर बसतं. रंग उठून दिसावा म्हणून पाणी शिंपडणारे लोक मी पाहिलेत. क्षणभर चित्र ठसठशीत दिसतं खरं, पण पाण्याबरोबर खडकातले क्षार वर येतात आणि रंगावर पांढरा पापुद्रा धरतो. खडूनं कड गिरवणं हा तर गुन्हाच म्हणायचा. आडोशात चूल पेटवू नका, काजळी कायमची बसते. काही ठिकाणी खडकावर नावं आणि बदाम कोरलेले बघून पोरांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मला त्यांचं बरं वाटलं. पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित स्मारकाला इजा केली तर १९५८ च्या कायद्याखाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, हेही पोरांना सांगून ठेवा. पण फोटो काढायला कुणाची ना नाही, फक्त फ्लॅश बंद ठेवा.

कड्यांच्या पोटाला आग्या मोहोळं लटकलेली असतात. वर बघूनच आडोशात शिरा. धूर, अत्तर, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर हात झाडत उभं राहू नका, तोंड झाकून लांब पळा.

दुपारी खाली आल्यावर लेणी बघा. उलट क्रमानं बघू नका, हा माझा आग्रह आहे. आधी गेरूची चित्रं, मग तिसरं लेणं. तिथं चालुक्य राजघराण्यातल्या मंगलेशाचा इ. स. ५७८ चा शिलालेख आहे आणि छताच्या कडेला चालुक्यांच्या काळच्या भित्तिचित्रांचे अवशेष. तीच माती, तोच खडक, आणि मधे हजारो वर्षं. पहिल्या लेण्यातला अठरा हातांचा नटराज पोरं मोजत बसतात, बसू द्या. तलावाजवळच्या कड्यावर कप्पे अरभट्ट नावाच्या वीराचा जुन्या कन्नडमधला, त्रिपदीचा म्हणजे तीन ओळींच्या पद्याचा लेख आहे; आपली पोरं शाळेत कन्नड शिकतातच, त्यांना अक्षरं ओळखायला लावा. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्यांचं तिकीट नाही. तलावापलीकडचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, बेत आखताना ध्यानात ठेवा. माकडांसमोर खाऊची पिशवी काढू नका, हातातली बाटलीसुद्धा ओढून नेतात.

जेवणाची चिंता नको. बनशंकरीच्या आवारात बायका बुट्ट्या घेऊन बसतात: ज्वारीची भाकरी, भरली वांगी, तांबडी चटणी, शेंगांची चटणी, घट्ट दही. समोर पान मांडून वाढतात आणि ‘इन्नष्टु तगोरी’ म्हणत पोट भरेपर्यंत आग्रह करतात. आम्ही दोन्ही वेळा तिथंच जेवलो, पोरांनी हॉटेलचं नावही काढलं नाही. सुटे पैसे जवळ असू द्या, डोंगरात आणि बुट्टीवाल्या मावशींकडे फोनवरून पैसे देण्याचा भरवसा धरू नका.

वेळ उरला तर पट्टदकलच्या वाटेवर महाकूट आहे, देवळाच्या आवारातच जिवंत झऱ्याचं कुंड, धूळ-घामानं माखलेल्या पोरांना याहून चांगलं काही नाही. चालुक्यांच्या देवळांचं पट्टदकल १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे, पण लहान पोरं असतील तर तिथं तासभरापेक्षा जास्त ओढू नका. ऐहोळेची देवळं पुढच्या खेपेला ठेवा. ज्यांना खणाचं कापड घ्यायचंय त्यांनी गुळेदगुड्डला जाऊन विणकरांकडून घ्यावं. नणंदेनं चोळीचे खण घेतले, बेळगावच्या बाजारापेक्षा रंग कितीतरी जास्त होते.

निघताना शेतातला सगळा कचरा, संत्र्याच्या सालींसकट, गाडीत भरा. अज्जांनी पैसे घ्यायला नको म्हटलं तर पोरांच्या हातून अज्जींकडे द्या. आम्ही बेळगावचा कुंदाही नेला होता. पुढच्या वर्षी हुरड्याला या असं आमंत्रण मिळालंय, त्यामुळे आता जानेवारीत कोण कोण येणार तेवढं ठरवायचं आहे.