गुन्हा जूनचा, दाखला नव्या कायद्याचा : माझा अनुभव

मोबाइलमधले पुरावे खरे असल्याचा दाखला कोणत्या कलमाचा द्यायचा, जुन्या पुरावा कायद्याच्या 65 बीचा का नव्याच्या 63 चा? या एका प्रश्नापायी माझे दोन महिने गेले. अजूनही आठवलं की डोकं तापतं, म्हणून लिहून ठेवते आहे.

मी ठाण्यात, नौपाड्यात राहते. घरून पोळी-भाजीचे डबे देते. रोजचं पीठ मळून मनगटं दुखायला लागली, तेव्हा 28 जून 2024 ला एका वेबसाइटवरून पीठ मळायचं मशीन मागवलं. यूपीआयने 32,500 रुपये भरले. 2 जुलैला साइट उघडेना, नंबर बंद. 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार, गुन्हा नोंदवणं, हे सगळं आठवड्यात उरकलं. समोरच्या खात्यात फक्त 9,200 रुपये उरले होते, तेवढे गोठवले गेले. बाकीचे मधल्या चार दिवसांत निघून गेले होते. संशय आला की त्याच क्षणी 1930 फिरवा, आधी घरात विचारत बसू नका.

खरं अडलं ते पुढे. माझे सगळे पुरावे मोबाइलमध्ये होते : ऑर्डरचं पान, पैसे गेल्याचा मेसेज, व्हॉट्सॲपवरचं बोलणं. त्यांच्या प्रिंट जोडायच्या तर सोबत दाखला लागतो. पोलीस ठाण्यातल्या खिडकीवरच्या साहेबांनी सांगितलं, “गुन्हा जूनचा आहे, म्हणजे जुना कायदा. 65 बीचा दाखला आणा.” कोर्ट नाक्यावर टाइप करून घेतला, दिला. तीन आठवड्यांनी फोन आला. दुसरे साहेब म्हणाले, “ताई, हा चालणार नाही. 63 चा आणा.” मी म्हटलं, तुमच्याच माणसाने सांगितलं होतं. त्यावर उत्तर नाही. पुन्हा गेले तर पहिले साहेब जागेवर, पुन्हा 65 बी! असे पाच हेलपाटे झाले. प्रत्येक वेळी दुपारच्या पोळ्या शेजारच्या वहिनींवर टाकून जायचे.

शेवटी कोर्ट नाक्यावरच्या एका वकीलबाईंनी दहा मिनिटांत उलगडून सांगितलं. 1 जुलै 2024 पासून तीन नवे कायदे लागू झाले. माझी फसवणूक त्याआधीची, म्हणून कलम जुनंच, भारतीय दंड संहितेचं 420. चार दिवसांनी झाली असती तर भारतीय न्याय संहितेचं 318 (4) लागलं असतं. सोबत माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66 डी, म्हणजे संगणक-मोबाइल वापरून तोतयेगिरीने केलेली फसवणूक, ते तसंच आहे. पण गुन्हा नोंदला गेला जुलैत, तपासही जुलैतच सुरू झाला. 1 जुलैला जो तपास किंवा खटला चालू होता, त्यालाच जुना पुरावा कायदा. माझा तपास त्यात बसत नाही, म्हणून दाखला नव्या पुरावा कायद्याचा, म्हणजे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 (4) चा. म्हणजे कलम जुनं आणि दाखला नवा, दोन्ही एकाच फाइलमध्ये! हे खिडकीवर एका कागदावर लिहून लावलं असतं तर माझ्यासारख्या कितीजणांचे हेलपाटे वाचले असते.

मी विचारलं, दाखल्याचा एवढा आग्रह का? त्या म्हणाल्या, जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्येच स्पष्ट केलंय, मूळ उपकरण कोर्टात हजर करत नसाल तर दाखला हवाच.

नव्या दाखल्याचा नमुना कायद्याच्या अनुसूचीतच छापलेला आहे, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. त्याचे दोन भाग. भाग अ आपण भरायचा : फोनची कंपनी, मॉडेल, रंग, आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक), फाइलची हॅश व्हॅल्यू. भाग ब तज्ज्ञाने भरायचा. माझा तिथेही एक आठवडा गेला, कारण भाग ब कोण भरणार हे कुणी सांगेना. वकीलबाईंनीच डिजिटल फॉरेन्सिकचं काम करणारा माणूस गाठून दिला.

हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा. एसएचए-256 पद्धतीने काढली की 64 अक्षर-अंकांची ओळ येते आणि फाइल जराशी बदलली तरी सगळी ओळ बदलते. हे मला फार महागात पडलं. भाच्याने स्क्रीनशॉट व्हॉट्सॲपवरून स्वतःकडे घेतले आणि त्यांची हॅश काढली. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतं, त्यामुळे ती माझ्या फोनमधल्या फाइलशी जुळेना. भरलेला दाखला फाडावा लागला. फाइल केबलने घ्या, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

आणखी एक, हे खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रीच्या साइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क द्यावा लागतो. त्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची असते. त्या साइटवर असं काहीही नव्हतं आणि मी पाहिलंही नाही. आता काहीही मागवण्याआधी मी तेच पान आधी उघडते.

दाखला सप्टेंबरात स्वीकारला गेला. पोच घेतल्याशिवाय मी खिडकी सोडली नाही. गोठवलेले 9,200 रुपये कोर्टाच्या आदेशाने नोव्हेंबरात परत मिळाले. बाकीच्या पैशांचा तपास चालू आहे. तो फोन मी बंद करून कपाटात ठेवलाय, साड्यांच्या खाली. खटला संपेपर्यंत तो विकायचा नाही आणि फॉरमॅटही करायचा नाही, असं वकीलबाईंनी बजावलंय.