आमची वाटचाल: खणायचं कुठपर्यंत?

आमच्या कंपनीचं मूळ काम पाडकामाचं. बंद पडलेल्या कारखान्यातली यंत्रं भंगारात काढायची, शेड उतरवायची, पाया फोडायचा आणि मालकाला मोकळी जागा द्यायची. एक पोकलेन, भाड्याचे डंपर आणि गॅसकटर चालवणारी चार पोरं, एवढ्यावर आम्ही सुरुवात केली. रसायनांच्या कारखान्यांना बाकीचे ठेकेदार हात लावत नसत, म्हणून ती कामं आमच्याकडे यायची. त्यात धाडस वगैरे काही नव्हतं, आम्हाला काम हवं होतं.

अशा जागी फरशी उचकटली की खालून कधी निळसर, कधी डांबरासारखी काळी माती निघते. नाकात बसलेला वास दुसऱ्या दिवशीही जात नाही. मालकाचं उत्तर ठरलेलं असायचं: "वरचा दोन फुटांचा थर उचला, चांगली माती टाका, विषय संपला." उचललेली माती न्यायची कुठे, हे मात्र कोणी सांगायचं नाही. रात्री कुठेतरी डंपर रिकामे करणारे लोक या धंद्यात पुष्कळ आहेत. आम्हाला त्यांच्यात जायचं नव्हतं, आणि पाडकाम सोडायचंही नव्हतं. राहिला एकच मार्ग, तो म्हणजे दूषित जमीन साफ करण्याचं काम नीट शिकणं.

मी यंत्रांचा माणूस. शिकवलं ते माझ्या भागीदाराने. त्या भूजलतज्ज्ञ आहेत, साईटवर सगळे त्यांना मॅडमच म्हणतात, मीही. भागीदारीत येताना त्यांनी एक अट घातली: आधी मातीचे नमुने घ्यायला बोअर मारायचे, मग पोकलेन आणायचं. मला तेव्हा हे उलटं वाटलं होतं, कारण पोकलेन उभं राहिलं तरी त्याचा हप्ता चालूच असतो. आज आमचं निम्मं उत्पन्न तपासणीतून येतं आणि पोकलेन आम्ही गरजेपुरतं भाड्याने आणतो.

नवीन ग्राहकाला मॅडम पहिल्या बैठकीत लव्ह कॅनॉलची हकीकत सांगतात. अमेरिकेत नायगारा फॉल्स शहरात एका रसायन कंपनीने 1942 ते 1953 या काळात जुन्या कालव्यात सुमारे 21,000 टन रासायनिक कचरा पुरला, वर माती टाकली आणि ती जागा 1 डॉलरला शाळा मंडळाला दिली. तिथे शाळा झाली, शेजारी घरं झाली. पुढे तळघरांत रसायनं पाझरू लागली, 1978 मध्ये आणीबाणी जाहीर करून कुटुंबं हलवावी लागली आणि 1980 मध्ये तिथे अशा जागांसाठी सुपरफंड कायदा आला. "विषय संपला" म्हणणारे ग्राहक ही हकीकत ऐकून जरा सावरून बसतात. सगळेच बसतात असं नाही.

तपासणीची सुरुवात कागदांपासून होते. जुने आराखडे, साठवणीच्या नोंदी, जमिनीखालच्या टाक्या, गटारांची वळणं, ट्रान्सफॉर्मरची जागा. पण आराखडा म्हणजे कारखाना कसा चालायला हवा होता त्याचं चित्र. कसा चालला, ते निवृत्त कामगारांना विचारावं लागतं. कीटकनाशकाच्या एका कारखान्यात आराखड्यावर बॉयलर हाऊसच्या मागे चक्क बगीचा होता. तिथे पूर्वी ऑपरेटर असलेले एक काका आमच्याबरोबर फिरले, बगीच्याच्या कोपऱ्यात थांबले आणि म्हणाले, "सांडपाण्याची टाकी भरली की इथे सोडायचो. वरून ऑर्डर असायची." आमच्या योजनेत त्या कोपऱ्यात एकही बोअर नव्हता. तिथे मारला आणि सगळ्या साईटवरचं सर्वांत वाईट सॅम्पल तिथेच मिळालं. तेव्हापासून जुन्या कामगारांचा शोध आमच्या कोटेशनमध्ये स्वतंत्र बाब म्हणून असतो. ग्राहकाच्या खरेदी खात्याला ती खटकते, पण आम्ही ती काढत नाही.

बोअर म्हणजे विहिरीचा बोअर नव्हे. प्लास्टिकच्या पारदर्शक नळीत मातीचा गाभा जसाच्या तसा वर येतो. नळी टेबलावर ठेवून वाकड्या सुरीने उभी चिरायची. उदाहरणार्थ ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे धातूवरचं ग्रीस धुण्याचा द्रव. आम्ही त्याला टीसीई म्हणतो. तो पाण्यापेक्षा जड, एका लिटरचं वजन 1.46 किलो. बेंझीन पाण्यावर तरंगतं, टीसीई भूजलातूनही खाली बुडत जातं आणि चिकणमातीचा थर लागला की त्यावर साचतं. त्यामुळे गाभ्यात आम्ही रेती आणि चिकणमाती जिथे भेटतात ती बोटभर जागा शोधतो. तिथे वायुमापकाचं तोंड धरलं की आकडे उड्या मारायला लागतात. चिमूटभर माती पाण्याच्या बाटलीत घालून सुदान-चार हा रंग टाकायचा आणि हलवायचं. पाण्यात न विरघळलेला टीसीई असेल तर लालभडक ठिपके उठून दिसतात. लॅबला जाणारी माती लगेच मिथेनॉलच्या बाटलीत बुडवायची, नाहीतर टीसीई वाटेतच उडून जातं आणि अहवाल खोटा स्वच्छ येतो. असे स्वच्छ अहवाल घेऊन आमच्याकडे आलेले ग्राहक बरेच आहेत.

एक हिशेब मी कायम सांगतो. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात टीसीईची मर्यादा लिटरला 5 मायक्रोग्रॅम आहे. त्या मापाने एक लिटर टीसीई सुमारे 29 कोटी लिटर पाणी बिघडवायला पुरतो. एक ड्रम गळला तर काय, ते ज्याचं त्याने काढावं.

क्रोमियमने आमची कंपनी घडवली असं म्हटलं तरी चालेल. त्याच्या विषारी, सहा-संयुजी रूपाला आम्ही साईटवर क्रोम सिक्स म्हणतो. ते पाण्यात सहज विरघळतं, कर्करोगकारक आहे आणि डोळ्यांना दिसतं. खड्ड्यातलं पाणी लिंबासारखं पिवळं, आणि ऊन पडलं की ओल वर चढून भिंतींच्या पायथ्याशी पिवळी बुरशी यावी तसा थर धरतो. उपाय पुस्तकात सरळ आहे: हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मिसळायचं. लोह क्रोम सिक्सचं क्रोम थ्री करतं, ते सहसा विरघळत नाही आणि मातीतच बसून राहतं. एक किलो क्रोम सिक्सला हिशेबाने 16 किलो हिराकस लागतं. प्रत्यक्षात त्याहून जास्त, कारण मातीतल्या हवेलाही लोह हवं असतं.

पुस्तकातली ही ओळ सगळीकडे चालत नाही. क्रोम खनिज चुना घालून भाजायची जुनी पद्धत होती. त्यातून उरलेली राख-माती प्रचंड अल्कधर्मी असते. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत आणि अमेरिकेत न्यू जर्सीच्या हडसन काउंटीत ती भराव म्हणून वापरली गेली होती. तिच्यात हिराकस टाकलं तर लोह क्रोमियमपर्यंत पोहोचायच्या आतच साक्यासारखं बसून जातं. वर त्यातलं सल्फेट चुना आणि ॲल्युमिनियमशी जुळून असे स्फटिक बनवतं की जमीन फुगते आणि वरच्या फरशा तडकतात. आमच्या हाती अशीच माती आली तेव्हा मॅडमनी आधी बादल्यांत चाचण्या लावल्या. प्रत्येक बादलीत वेगळं औषध, वेगळं प्रमाण. ग्राहकाचे साहेब रोज येऊन विचारायचे, "बादल्या कधी संपणार?" बादल्यांनी सांगितलं की हिराकस नको, सल्फाइडचा पर्याय घ्या आणि माती यंत्रात दळून घ्या, कारण विष ढेकळांच्या पोटात आहे. हे न करता थेट काम धरलं असतं तर वरच्या गोदामाची जमीन उखडली असती.

माती उचलणं हा उपाय आम्ही आजही करतो, पण शेवटी. जागेवरची 1,000 घनमीटर माती खणली की फुगून 1,200 ते 1,300 होते, डंपर त्या मापाने लागतात, आणि विष नष्ट होत नाही, पत्ता बदलतो. वर आणायची भरावाची माती स्वच्छ आहे का, तेही तपासावं लागतं. एकदा भराव म्हणून आलेली माती दुसऱ्या कारखान्याची निघाली होती. डंपर फाटकावरूनच परत पाठवला.

खणायला लागलं की खरा वाद सुरू होतो: थांबायचं कुठे? खड्ड्याच्या तळातून आणि चारी भिंतींतून सॅम्पल लॅबला जातं, उत्तर येईपर्यंत पोकलेन उभं. तळ पास आणि एक भिंत नापास, असं झालं की ती भिंत आणखी मागे सारायची, पुन्हा सॅम्पल, पुन्हा वाट. मालकाला थांबायची घाई, ठेकेदाराला टनावर पैसे मिळत असतील तर खणत राहण्यात रस. म्हणून आम्ही टनावर दर घेणं बंद केलं. हा निर्णय घेतला तेव्हा आमचे हिशेबनीस माझ्याशी आठवडाभर नीट बोलत नव्हते.

शून्य विष हा आकडा जमिनीत नसतो. ज्वालामुखी खडकापासून झालेल्या मातीत क्रोमियम आणि निकेल मुळातच जास्त असतं. कारखाना नव्हता तेव्हा होतं त्याच्याही खाली साफ करून देतो म्हणणारा माणूस एकतर अडाणी असतो नाहीतर बिल वाढवत असतो. आम्ही तीन गोष्टी बघतो: विष, ते पोहोचण्याची वाट आणि माणूस. काँक्रीटखाली बसलेलं, पाण्यात न विरघळणारं शिसं तिथेच ठेवता येतं, नोंद करून. तेच शिसं मुलांच्या मैदानात वरच्या थरात असेल तर ते उचलल्याशिवाय गत्यंतर नाही. टीसीई खोल असलं तरी त्याची वाफ मातीतून चढून इमारतीत शिरते, तेव्हा "खोल आहे ना, राहू दे" हे तिथे लागू पडत नाही.

धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात जड गेलं ते उलटून येणारं प्रदूषण. जमिनीत परमँगनेट, म्हणजे टीसीई मोडणारं जांभळं औषध, सोडलं, तपासणीच्या विहिरींचं पाणी जांभळं झालं, आकडे खाली आले, सगळे खूश. काही महिन्यांनी तेच आकडे परत वर. कारण सोपं आहे: वर्षानुवर्षं टीसीई चिकणमातीत मुरलेलं असतं. रेतीतलं पाणी साफ झालं की ते हळूहळू बाहेर झिरपायला लागतं. बिल मात्र आकडे खाली असतानाच काढायचं, अशी या क्षेत्रातली पद्धत. आम्ही करारातच लिहायला लागलो की औषध थांबल्यावर किमान वर्षभर विहिरी तपासायच्या आणि आमच्या पैशाचा एक भाग तोवर ग्राहकाकडेच राहील. लहान कंपनीला हे परवडत नाही, हे खरंच आहे. सुरुवातीला पाडकामाच्या पैशावर तो काळ काढला. पण दुसऱ्यांदा बोलावणारे ग्राहक या अटीमुळेच मिळाले.

माणसांबद्दल थोडं. मास्क, हातमोजे, बूट धुण्याची जागा, गाड्यांची चाकं धुण्याचा हौद, कुंपणावर हवेची मोजणी, हे नियमाने होतं. कठीण असतं ते उन्हात मास्क तोंडावर ठेवायला लावणं. उपदेशाने ते झालं नाही. पाळ्या लहान केल्या, सावलीत विश्रांती दिली, तेव्हा झालं. आमची गॅसकटरवाली पोरं आता सॅम्पलिंगमध्ये तरबेज आहेत आणि बाटलीवरच्या चिठ्ठीत वेळ लिहायची राहिली तर इंजिनियरला टोकतात.

जमीन आतून तापवून द्रव उडवायचं तंत्र आमच्याकडे नाही, ते काम आलं की मोठ्या कंपनीला बोलावतो आणि आम्ही फक्त देखरेख करतो. आग विझवण्याच्या फेसातली पीएफएएस रसायनंही आता विचारली जातात. ती जीवाणूंना खाता येत नाहीत आणि परमँगनेटलाही दाद देत नाहीत. तिथे सध्या आम्ही तपासणीपुरतेच आहोत.

काम संपलं की आम्ही अहवालाबरोबर एक नकाशा देतो: काय काढलं, काय जागेवर राहिलं, किती खोलीवर, आणि तिथे कोणी पुढे पाया खणायचा म्हटला तर आधी काय करायचं. जमिनीच्या कागदांना तो जोडावा असा आमचा आग्रह असतो. जागा विकायची असली की हाच नकाशा मालकाला टोचतो. तो वगळून अहवाल मागणाऱ्यांना आम्ही दुसरा ठेकेदार बघायला सांगतो, आणि ते बघतातही.