आमची वाटचाल : जिथला हॉट डॉग, तिथल्यासारखाच

शिकागोच्या पश्चिमेला, उपनगरातल्या एका हमरस्त्यावर आमचं हॉट डॉगचं दुकान आहे. थोडी टेबलं, एक काउंटर आणि उभ्या उभ्या माल घ्यायला बाहेरच्या बाजूला एक खिडकी, एवढाच पसारा. २०११ साली मी आणि माझ्या नवऱ्याने ते एका ग्रीक गृहस्थांकडून चालतं दुकान म्हणून घेतलं. तेव्हापासून, विशेषतः गणपतीत आणि दिवाळीत मराठी मंडळी भेटली की, एक प्रश्न ठरलेला असतो: वसईची माणसं या धंद्यात कशी काय?

आम्ही दोघंही वसईचे ख्रिस्ती. नाताळात घरी इंदयाल शिजायचं, त्यामुळे मांस, व्हिनेगर, मसाला यांचं गणित लहानपणापासून डोळ्यांखालून गेलेलं. नवरा इथल्या एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला होता, मी एका ऑफिसात हिशेब लिहायचे. ग्रीक काका निवृत्त होणार होते आणि त्यांच्या मुलांना धंद्यात रस नव्हता. एका बँकेने आमचा कर्जाचा अर्ज परत केला, तेव्हा काकांनीच अर्धी रक्कम हप्त्यांनी घ्यायची तयारी दाखवली. उरलेल्यातली काही आमची शिल्लक, काही माझ्या दिरांनी दिलेली. काकांची अट एकच होती. पहिला हंगामभर ते रोज सकाळी येऊन बसणार आणि ते सांगतील तसाच हॉट डॉग बांधायचा.

त्या हंगामात आम्ही जे शिकलो त्यावर आजही दुकान चालतं, म्हणून ते नीट सांगते.

शिकागोचा हॉट डॉग भाजत नाहीत, गरम पाण्यात ठेवतात. पाण्याला उकळी फुटू द्यायची नाही. फुटली की सॉसेजचं आवरण तडकतं आणि सगळी चव पाण्यात उतरते. उलट पाणी फार निवलं तर आरोग्य खात्याचा नियम मोडतो: गरम ठेवलेला पदार्थ १३५ अंश फॅरनहाइटच्या खाली जाता कामा नये. या दोन टोकांच्या मध्ये दिवसभर भांडं सांभाळायचं. सॉसेज निव्वळ बीफचं, बाहेरून नैसर्गिक आतड्याचं आवरण, दात लागला की टचकन फुटणारं. पाव वाफवलेला आणि त्यावर खसखस. आपल्या स्वयंपाकघरातली पांढरी खसखस नव्हे, इथली निळसर काळी.

मग वरचं सामान. आधी पिवळं मस्टर्ड, सॉसेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यावर गोड काकडीची रेलिश, म्हणजे बारीक चिरलेलं लोणचं, तीही डोळ्यांत भरेल अशी झगझगीत हिरवी. मग बारीक चिरलेला पांढरा कांदा. टोमॅटोच्या फोडी सॉसेज आणि पाव यांच्या मध्ये एका कडेला बसवायच्या, दुसऱ्या कडेला खाऱ्या पाण्यात मुरलेल्या काकडीची लांब फाक. वर दोन स्पोर्ट पेपर, म्हणजे व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या छोट्या हिरव्या मिरच्या. शेवटी चिमूटभर सेलरी सॉल्ट, सेलरीच्या बियांची पूड घातलेलं मीठ. हे मीठ विसरलं तर बाकी सगळं बरोबर असूनही जुनं गिऱ्हाईक पहिल्या घासाला मान वर करून बघतं. काका तर वासावरून सांगायचे.

केचप नाही. याची इथे भांडणं होतात, पण त्यामागे कारण आहे. गोडवा रेलिशमधून आलेला असतो, आंबटपणा टोमॅटो आणि मुरलेल्या काकडीतून. त्यात गोड-आंबट केचप पडलं की मस्टर्ड आणि मिरची दोन्ही दबतात. लहान मुलांना आम्ही आनंदाने देतो. मोठ्या माणसाने मागितलं तर बाटली काउंटरवर फ्राइजसाठी ठेवलेली असते.

काका हे शिकवताना मध्येच शहराचा इतिहास सांगत, आणि तिथूनच मला या धंद्याची गोडी लागली. १८९३ साली शिकागोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्म परिषदेत ११ सप्टेंबरला विवेकानंद बोलले, हे आपल्याकडे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. त्याच प्रदर्शनात एमिल रायकेल आणि सॅम्युअल लॅडनी हे ऑस्ट्रिया-हंगेरीतून आलेले दोघे बीफचे सॉसेज विकत होते. त्यातून उभी राहिली ती व्हिएन्ना बीफ कंपनी. आमचा माल आजही त्यांच्याकडूनच येतो. पुढे १९२९ साली, मंदीच्या तोंडावर, मॅक्सवेल स्ट्रीटवरच्या बाजारात फ्लूकीज या दुकानाने पाच सेंटला सॉसेज, पाव, भाज्या आणि फ्राइज असं सगळं मिळून द्यायला सुरुवात केली. एका नाण्यात पोटभर जेवण. ज्यू खाटीक, ग्रीक आणि इटालियन भाजीवाले, मेक्सिकन कामगार असे सगळे त्या बाजारात होते. इतक्या साध्या खाण्यावर एवढी भाजी कशी आली, ते मला हा बाजार समजल्यावर कळलं. तो बाजार १९९४ साली विद्यापीठाच्या विस्तारासाठी तिथून हलवला गेला, पण त्याच रस्त्यावर जिमी स्टेफानोविच या मॅसेडोनियन माणसाच्या गाडीवर रूढ झालेला मॅक्सवेल स्ट्रीट पोलिश अजून शहरभर मिळतो: जाड पोलिश सॉसेज, तव्यावर परतून तांबूस झालेला ढीगभर कांदा, मस्टर्ड आणि मिरच्या. आमच्याकडे रात्री उशिरा तोच जास्त जातो.

पहिली काही वर्षं आम्ही हे दोनच प्रकार केले. धंदा चालला, पण हिवाळ्यात गल्ला अगदी रोडावायचा. मग मिशिगनहून इकडे कामाला आलेले एक गिऱ्हाईक दर आठवड्याला विचारू लागले, तुम्ही कोनी का करत नाही? आम्ही गाडी काढली आणि डेट्रॉइटला गेलो. तिथे अमेरिकन कोनी आयलंड आणि लाफायेट कोनी आयलंड ही दोन दुकानं भिंतीला भिंत लावून उभी आहेत, दोन्हींचं मूळ केरोस या ग्रीक कुटुंबात. सॉसेजवर पातळसर मांसाचा रस्सा, मस्टर्ड, कच्चा कांदा, बस्स. रश्श्यात राजमा नाही, टोमॅटोचे तुकडे नाहीत. तासाभराच्या अंतरावर फ्लिंटला गेलं की तोच कोनी वेगळा: तिथलं मांस कोरडं आणि रवाळ, आणि त्यात गाईचं हृदय दळून घातलेलं. डेट्रॉइटची माणसं फ्लिंटच्याला नावं ठेवतात आणि फ्लिंटची डेट्रॉइटच्याला.

परत आल्यावर आम्ही डेट्रॉइटचा कोनी करून बघितला आणि तो पाटीवर लिहिण्याआधी त्या गिऱ्हाइकाला बोलावून खायला घातला. ते म्हणाले, रस्सा फार घट्ट आहे. पातळ केला, पुन्हा बोलावलं. त्यांनी होकार दिला तेव्हाच पाटीवर नाव चढलं. तेव्हापासून हा दुकानाचा नियमच झाला: कुठल्या गावाचं नाव लावायचं तर त्या गावच्या माणसाने आधी खाऊन हो म्हटलं पाहिजे. कुणी म्हणेल, एवढं कशाला? चव चांगली असली की झालं. मला हे पटत नाही. माझ्या गावच्या पदार्थाच्या नावाखाली कुणी भलतंच वाढलं तर मला वाईट वाटेल. आपण घराबाहेर राहून धंदा करतो, तेव्हा दुसऱ्याच्या घराची आठवण आपल्या हातात असते, ती नीट हाताळावी.

सोनोराचा हॉट डॉग आमच्याकडे आला तो आमच्याच किचनमधून. भांडी घासायला लागलेला आणि आता सगळं किचन सांभाळणारा आमचा मुख्य आचारी मूळचा मेक्सिकोतल्या सोनोरा राज्यातल्या एर्मोसियोचा. तिथे आणि सीमेपलीकडे ॲरिझोनातल्या टूसॉनमध्ये हा प्रकार गाड्यांवर मिळतो. सॉसेजला बेकनची पट्टी गोल गोल गुंडाळून तव्यावर खरपूस करायची. पाव बोलियो या मेक्सिकन पावासारखा, मऊ आणि किंचित गोड, दोन्ही टोकांना बंद ठेवून मध्येच चिरलेला, म्हणजे आतलं काही सांडत नाही. खाली शिजवलेले पिंटो बीन्स, वर टोमॅटो, कांदा, मेयॉनेज, मस्टर्ड, हालापेन्योची चटणी, आणि बाजूला भाजलेली पिवळी मिरची. टूसॉनच्या एल ग्वेरो कनेलो या दुकानाला २०१८ साली जेम्स बिअर्ड फाउंडेशनचा, म्हणजे अमेरिकेतल्या खाण्याच्या धंद्यातला मानाचा पुरस्कार मिळाला, ती बातमी आमच्या किचनमध्ये मोठ्याने वाचली गेली होती. खरी अडचण पावाची होती. नेहमीचा पाव या सामानाखाली लगदा होतो. शेवटी एका मेक्सिकन बेकरीने आमच्या मापाचा पाव करून द्यायचं कबूल केलं, तेव्हाच हा प्रकार सुरू केला.

चिली या देशातला हॉट डॉग, कंप्लेतो, आम्ही उन्हाळ्यातच करतो, कारण त्याला उत्तम पिकलेले अवोकाडो लागतात आणि ते कंजुषीने घालून चालत नाही. सॉसेज जवळजवळ दिसेनासं होईल इतका कुस्करलेला अवोकाडो, टोमॅटो आणि मेयॉनेज. हिरवा, लाल, पांढरा असे इटलीच्या झेंड्याचे रंग जमतात म्हणून सँटियागोत या रूपाला इटालियानो म्हणतात. हातात धरून खाणं ही कसरतच असते. आमच्या एका चिलीकर बाईंनी माझ्या मुलीला शिकवलं: पुढे वाकायचं, कोपर टेबलावर आणि मध्ये थांबायचं नाही.

या यादीत आम्हाला न जमलेलं बरंच आहे, आणि ते जमेपर्यंत करायचं नाही हेही ठरलेलं आहे. डेन्मार्कचे रंगवलेले लाल सॉसेज, कोपनहेगनच्या गाड्यांवर १९२१ पासून विकले जाणारे, इथे मनासारखे मिळत नाहीत. ब्राझीलमध्ये सॉसेजवर बटाट्याचं पुरण, मका, वाटाणे आणि वर काड्यांसारखे तळलेले बटाटे घालतात. तो करायला सोपा आहे, पण साओ पाउलोचं कुणी अजून आमच्या टेबलावर बसलेलं नाही. आइसलँडवर मात्र माझा जीव आहे. रेक्याविकला बंदराजवळ १९३७ पासून चालत आलेलं एक छोटंसं खोकं आहे, बायारिन्स बेस्तू. तिथलं सॉसेज मुख्यतः मेंढीच्या मांसाचं, त्यात थोडं डुक्कर आणि बीफ. खाली कच्चा कांदा आणि कुरकुरीत तळलेला कांदा, दोन्ही एकत्र. वर केचप, गोडसर तपकिरी मस्टर्ड आणि रेमुलाड, म्हणजे मेयॉनेजचं एक सॉस. म्हणजे शिकागोत ज्यावरून वाद होतात ते केचप तिथे हक्काने येतं, आणि मेंढीच्या चरबीच्या उग्र चवीला ते शोभतंही. मेंढीचं सॉसेज करून देणारा खाटीक आम्ही शोधतो आहोत.

मराठी गिऱ्हाइकांबद्दल दोन शब्द. आमच्याकडे येणाऱ्या बऱ्याच कुटुंबांत बीफ चालत नाही, काहींकडे मांसच चालत नाही. पहिल्या वर्षापासून आम्ही चिकनच्या आणि शाकाहारी सॉसेजसाठी वेगळं भांडं, वेगळं पाणी, वेगळे चिमटे आणि कांदा चिरायला वेगळा पाट ठेवला आहे. चिमट्यांच्या मुठीला हिरवी पट्टी असते. कामाला येणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं जातं, मग बाकीचं. यावर वरचं सामान शिकागोचंच घालतो, आणि खरं सांगायचं तर मोहरी, कांदा, मुरलेली काकडी आणि मिरची आपल्या जिभेला परकी वाटतच नाही.

डिसेंबरात आम्ही गोव्याचा चोरीस-पाव करतो. तो हॉट डॉगच्या घराण्यातला म्हणावा की नाही यावर नवऱ्याचं आणि माझं एकमत नाही. मी म्हणते, पावात सॉसेज, गाडीवर विकलेलं, हातात धरून खाल्लेलं, मग आणखी काय हवं? भारतातून मांसाचे पदार्थ इथे आणता येत नाहीत. म्हणून परवाना असलेल्या एका खाटकाला आम्ही मसाला वाटून देतो: सुक्या लाल मिरच्या, लसूण, आलं, हळद, मिरी, आणि व्हिनेगर भरपूर. माडाचं व्हिनेगर मिळालं तर तेच. त्याचे लालभडक मणी कांदा-बटाट्याबरोबर शिजवून, उंड्याच्या जवळ जाणाऱ्या कडक कवचाच्या गोल पावात भरतो. मडगावच्या एका आजींनी पहिल्या वर्षी तो खाल्ला आणि म्हणाल्या, आंबट कमी आहे गो. व्हिनेगर वाढवलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी घरी न्यायला बांधून मागितला.

२०२० च्या मार्चमध्ये इलिनॉयमधल्या सगळ्या हॉटेलांत बसून खाणं बंद झालं, तेव्हा काकांच्या काळातल्या त्या खिडकीने आम्हाला तारलं. नवीन मालक ती बुजवून आत टेबलं वाढवतील असं सगळ्यांना वाटलं होतं. आम्ही ती ठेवली, कारण काका म्हणाले होते, हॉट डॉग हे उभ्याने खायचं अन्न आहे. त्या वसंतात आम्ही पाटीवर दोनच प्रकार ठेवले आणि कामावरच्या कुणालाही काढलं नाही. पाव देणाऱ्या बेकरीनेही आमच्याकडचे पैसे सवडीने घेतले. त्यांची ती भलाई आम्ही विसरलेलो नाही.

काकांचे हप्ते आता फिटले आहेत. ते अजून येतात, शिकागोचाच घेतात, आणि सेलरी सॉल्ट पडलं की नाही ते बघतात. मुलगी सुट्टीत खिडकी सांभाळते. येत्या जुलैत, म्हणजे इथल्या राष्ट्रीय हॉट डॉग महिन्यात, दर आठवड्याला एक वेगळं गाव पाटीवर येईल: डेट्रॉइट, एर्मोसियो, सँटियागो, आणि खाटीक मिळाला तर रेक्याविक. पहिल्यांदाच येत असाल तर शिकागोपासून सुरुवात करा, सगळ्या सामानासकट, काही न वगळता.