आमची वाटचाल: कपाशी गेली, दादर ज्वारी राहिली

जळगावात वडिलांनी बियाण्याचं दुकान टाकलं. पुढे आम्ही एनएचएच-44 या संकरित कपाशीचं बीजोत्पादन घेऊ लागलो. दुपारनंतर मादी ओळीतल्या कळ्यांचे पुंकेसर अंगठ्याच्या नखाने काढायचे, सकाळी नराचं फूल घासायचं. नख जरा खोल गेलं की बोंड गळालंच. आमच्या क्रॉसिंगच्या बायांचा हात असा बसला होता की गळ जवळपास नसेच.

2002 मध्ये बीटी कपाशीला, म्हणजे जनुक बदलून बोंडअळीला तोंड देणाऱ्या वाणाला, मंजुरी मिळाली आणि दोन-तीन हंगामांत बाजार फिरला. 450 ग्रॅमचं बीटीचं पाकीट 1,600 रुपयांना रांग लावून जायचं. आमचा माल वितरक जसाच्या तसा परत पाठवायचे. बीटीचा परवाना घ्यायचा तर आधी 50 लाख मोजा! एवढी तर आमची उलाढाल नव्हती. त्यात एका मोठ्या कंपनीच्या माणसाने आमच्या बायांच्या टोळ्या जादा उचल देऊन फोडल्या. वर मलाच म्हणतो, "पाटी तुमची राहू द्या, माल आमचा विका." पडून राहिलेली सरकी तेलघाण्याला द्यावी, तर तिला थायरम हे बुरशीनाशक विष चोळलेलं. अख्खी गाडी खड्ड्यात पुरली. बँकेपायी वडिलांनी प्लॉट विकला. हे मी विसरलेलो नाही.

तारलं ते अमळनेरकडच्या, तापीकाठच्या आप्पांनी. ते दरवर्षी आपल्या दादर ज्वारीचं बी आमच्या ग्रेडरवर चाळायला आणत. दाणा टपोरा, मोत्यासारखा. म्हटलं, आप्पा, हेच वाढवू. त्यांच्याच वावरात बीजोत्पादनाचा प्लॉट घेतला, उगवण तपासली आणि ट्रुथफुल लेबल, म्हणजे विकणाऱ्याच्या स्वतःच्या हमीचं लेबल, लावून विकायला काढलं. नंतरची दहा-बारा वर्षं ठीक गेली.

मध्येच आठवडे बाजारात तोच कंपनीवाला आप्पांना दरडावून गेला, घरचं बी विकणं गुन्हा आहे म्हणून. आप्पा तडक दुकानात. "मनं बी, मनं वावर, मंग गुन्हा कसाना?" मी 2001 चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा काढून कलम 39 वाचून दाखवलं. बी राखा, पेरा, शेजाऱ्याला द्या, विका, संरक्षित वाणाचंसुद्धा. फक्त ब्रँडच्या नावाने पाकीटबंद विकायचं नाही. पैदासकाराचा, म्हणजे नवा वाण काढणाऱ्याचा, हक्क मला मान्य आहे. पंधरा वर्षं मिळतो, मिळू दे. पण तो दाखवून शेतकऱ्याला घाबरवायचं?

कोणी विचारलं नाही, तरी सांगतो. बियाण्याची कणसं खळ्यावरच्या ढिगातून घेऊ नका. वावराच्या मधोमध उभ्या पिकातून निवडा, बांधाकडची सोडा. तिथे शेजारच्याचा पराग येतो. दाणा दाताखाली कट्‌कन फुटेपर्यंत वाळवा. शेतकरी घरचं बी राखतो म्हणून आमचा धंदा बसत नाही. तीन-चार वर्षांनी भेसळ दिसली की तो आमच्याकडेच येतो.

2017-18 मध्ये जगातल्या मोठ्या बियाणे कंपन्या एकमेकींत विरघळल्या. डाऊ-ड्यूपाँट झालं, बायरने मोन्सँटो घेतली. इथेही पाट्या बदलल्या. तो कंपनीवाला आता दुसऱ्याच कंपनीचा टी-शर्ट घालून फिरतो. गेल्या हंगामात आमच्या दादरचा 'नमुना' मागायला आला होता. दोन किलोची पिशवी दिली, पक्क्या बिलावर, रोखीने.