दोन मारवे आणि उशिरा सुरू होणारी मैफल

मारवा हा राग ऐकायचा असेल तर दोन ध्वनिमुद्रणे मी सर्वांत आधी सुचवतो. एक उस्ताद अमीर खाँ यांचे, ज्या लाँग प्ले तबकडीच्या दुसऱ्या बाजूला दरबारी राग आहे ते; आणि दुसरे डॉ. वसंतराव देशपांडे यांचे, मैफलीतले कोणतेही. वसंतरावांचा जन्म १९२० साली आमच्या मूर्तिजापूरचा, त्यामुळे या निवडीत थोडा पक्षपात असणार हे उघड आहे. पण हा राग त्यांच्या गळ्यातून ऐकल्यावर त्या पक्षपाताची फारशी गरज उरत नाही, असे माझे मत आहे.

मारव्यात पंचम (प) वर्ज्य, ऋषभ (रे) कोमल आणि मध्यम (म) तीव्र. पण केवळ स्वरांच्या यादीने हा राग कळत नाही, कारण त्याचे खरे बळ षड्ज, म्हणजे गाण्याचे घर असलेला सा, टाळण्यात आहे. कोमल ऋषभ आणि शुद्ध धैवत (ध) यांच्यावर गायक रेंगाळत राहतो आणि षड्ज पुढे पुढे ढकलतो. आमच्या गावातल्या भजनी मंडळात पेटी वाजवणारे एक काका अमीर खाँसाहेबांचा मारवा ऐकताना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “कावून रे बापू, हा बुवा घरी कावून येत नाई?” रागशास्त्राचे पुस्तक त्यांनी कधी उघडलेले नाही, पण नेमके मर्म त्यांनी पकडले होते.

खाँसाहेबांचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल झुमऱ्यात आहे. चौदा मात्रांचा ताल आणि लय इतकी संथ, की सवय नसलेल्या माणसाला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे आली हेच उमगत नाही. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे मिळत असतानाही त्यांनी कुठेच घाई केलेली नाही, याचे मला दर वेळी नवल वाटते. खर्जाकडे, म्हणजे खालच्या स्वरांकडे, उतरणारा तो आवाज श्रोत्यांकडे पाहून गातोय असे वाटतच नाही. वसंतरावांचा मारवा याच्या अगदी उलट. त्याची तालीम त्यांनी लाहोरला असद अली खाँ यांच्याकडे घेतली होती. त्यांच्या गाण्यात तान अंगावर येते, स्वर तिरके लागतात आणि सरळ वाटेने जाईल असे वाटणारी फिरत मध्येच भलतीकडे वळते. खाँसाहेबांच्या मारव्यात उदासी आहे, तर वसंतरावांच्या मारव्यात बेचैनी. माझे मन बहुतेक वेळा बेचैनीकडे झुकते, पण कापसाच्या वेचणीच्या दिवसांत, अंगणात अंधार उतरत असताना, खाँसाहेबच लावावेसे वाटतात.

प्रत्यक्ष मैफलींबद्दल मात्र माझी एक जुनी तक्रार आहे. मारवा हा संधिप्रकाशाचा राग, म्हणजे दिवस मावळतानाचा. आमच्या जिल्ह्याच्या गावी कार्यक्रमपत्रिकेवर सायंकाळी सहा छापतात. मग दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, सत्कार, सत्काराला उत्तर आणि एखाद्या पुढाऱ्याची वाट पाहणे, हे सारे आटोपून गायक स्वरमंडल मांडीवर घेतो तेव्हा आठ वाजून गेलेले असतात. अशाच एका मैफलीत एका चांगल्या तयारीच्या गायकाने तरीही मारवाच गायला. त्यात भर ध्वनियंत्रणेची. मारव्यात पंचम नसल्यामुळे तानपुऱ्याची पहिली तार निषादाला (नी) किंवा धैवताला लावतात. इथे मात्र इलेक्ट्रॉनिक तानपुरा सा-पवरच सोडून दिलेला होता, आणि त्याचा आवाज गायकाच्या आवाजाइतकाच मोठा होता. जो पंचम रागात नाही तो भोंग्यांतून घुमत होता, आणि गायक ज्या षड्जापासून कसोशीने दूर राहत होता तो तर क्षणोक्षणी कानावर आदळत होता. ध्वनिमुद्रणांत हा उपद्रव नाही, म्हणून घरी ऐकलेला मारवाच मला अनेकदा अधिक खरा वाटतो.

आयोजकांनी सत्कार मध्यंतरात घ्यावेत, हे सांगून सांगून आम्ही थकलो. निदान गायकांनी तरी घड्याळाकडे पाहावे. उशीर झालाच तर पूरिया राग आहेच की! स्वर तेच, पण भार गांधार (ग) आणि निषादावर, आणि वेळ सूर्यास्तानंतरची, रात्रीच्या पहिल्या प्रहराची. आठ वाजता रंगमंचावर बसणाऱ्याने तो गायला तर श्रोत्यांचेही काही बिघडणार नाही आणि मारव्याचेही.