नरिमन हाऊसचं मूळ बघायला ब्रुकलिनला गेले

कुलाब्याचं नरिमन हाऊस २६/११ मुळे आपल्या सगळ्यांना माहितीये. पण तिथलं ज्यू केंद्र चालवणारे आणि त्या हल्ल्यात मारले गेलेले गॅव्रिएल आणि रिव्का होल्ट्झबर्ग मुळात मुंबईत आले कशाला, मुंबईत तर बेने इस्रायली आणि बगदादी ज्यू कधीपासूनचे आहेत, त्यांची जुनी सिनेगॉगही आहेत, हा प्रश्न माझ्या डोक्यात कधीचा होता. म्हणून न्यूयॉर्कला आल्यावर ठरवलं, टाइम्स स्क्वेअर राहिलं तरी चालेल पण ब्रुकलिनमधलं क्राउन हाइट्स, जिथे त्यांच्या चळवळीचं मुख्यालय आहे, ते बघायचंच.

सबवेने किंग्स्टन अ‍ॅव्हेन्यूला उतरून वर आलं की ७७० ईस्टर्न पार्कवे, लाल विटांची आणि तीन टोकदार माथ्यांची इमारत. हे खबाड-लुबाविच या ज्यू धार्मिक चळवळीचं मुख्यालय. मेनाखेम मेंडेल श्नीरसन, म्हणजे सगळ्यांचे रेबे (धर्मगुरू), इथूनच काम बघायचे. जन्म १९०२ चा, आजच्या युक्रेनमधला, नाझींच्या तावडीतून सुटून १९४१ ला न्यूयॉर्कला आले आणि आधीचे प्रमुख असलेले सासरे वारल्यावर १९५१ मध्ये चळवळीची धुरा घेतली. युरोपातला ज्यू समाज जवळजवळ संपवला गेलेला, अमेरिकेतले धर्मापासून लांब चाललेले, अशा वेळी लोक सिनेगॉगमध्ये यायची वाट बघत न बसता आपणच त्यांच्याकडे जायचं असं त्यांनी ठरवलं.

ते कसं चालतं ते फुटपाथवरच दिसलं. काळी हॅट घातलेला एक पोरगा येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारत होता, तुम्ही ज्यू आहात का? किराण्याच्या पिशव्या घेऊन चाललेले एक आजोबा थांबले, पिशव्या खाली ठेवल्या, बाही वर केली. पोराने त्यांच्या डाव्या हातावर तेफिलिनचा, म्हणजे प्रार्थनेच्या वेळी बांधायच्या धर्मवचनांच्या पेटीचा, काळा चामडी पट्टा गुंडाळला, छोटी पेटी कपाळाच्या वर बांधली, दोघांनी मिळून प्रार्थना म्हटली आणि आजोबा पिशव्या उचलून चालायला लागले. उपदेश नाही, वर्गणी नाही! ही मोहीम रेबेंनी १९६७ मध्ये, इस्रायल आणि अरब देशांमधल्या सहा दिवसांच्या युद्धाच्या तोंडावर सुरू केली. आणि हे फक्त ज्यूंसाठी, दुसऱ्या कोणाला धर्मात ओढायचा प्रकार नाही.

पण मला सगळ्यात जास्त भिडलं ते त्यांच्या श्लुखिमचं, म्हणजे दूतांचं काम. नवराबायको दोघं एखाद्या शहरात जातात ते कायमचे, बदली नाही, पैसेही बहुतेक वेळा स्वतःच उभे करायचे. काठमांडू, गोवा, धर्मशाळेजवळचं धरमकोट, जिथे म्हणून इस्रायली बॅकपॅकर तिथे यांचं घर आणि जेवायला पान वाढलेलं. होल्ट्झबर्ग दांपत्य २००३ मध्ये मुंबईत आलं ते याच कामाला. २६/११ च्या हल्ल्यात मारले गेले तेव्हा तो २९ चा, ती २८ ची. रिव्काचं नाव नेहमी नवऱ्याच्या मागे घेतलं जातं याचं मला वाईट वाटतं, कारण या कामात बाई बरोबरीची असते.

रेबे १९९४ ला गेले. मूलबाळ नाही, वारसही नेमलेला नाही. आता सगळं पांगणार असं बऱ्याच जणांना वाटलेलं, पण त्यानंतरच जगभर केंद्रं भराभर वाढली. नरिमन हाऊससुद्धा २०१४ मध्ये पुन्हा उघडलं, नवीन जोडप्याने काम हातात घेतलं.

क्वीन्समधल्या माँटेफिओरी स्मशानभूमीत सासऱ्यांशेजारीच रेबेंची समाधी आहे, तिला ओहेल म्हणतात. लोक चिठ्ठी लिहितात, चामड्याची चप्पल-बूट बाहेर काढतात, दार वाजवून आत जातात, चिठ्ठी वाचतात आणि फाडून समाधीवर टाकतात. आत कागदाच्या तुकड्यांचा नुसता ढीग, हिब्रू, इंग्रजी, रशियन अक्षरं एकमेकांत मिसळलेली. मी माझी चिठ्ठी मराठीत लिहिली, नरिमन हाऊसमध्ये मारल्या गेलेल्या सगळ्यांसाठी.

जाणार असाल तर शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र टाळा, शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस असतो, फोटो-मोबाईल चालत नाही. ७७० मध्ये बायकांना वरच्या गॅलरीतून बघावं लागतं. ओहेल रात्रीही उघडं असतं, जेएफके विमानतळापासून जवळ आहे, परतीच्या फ्लाइटसाठी विमानतळावर पोचायच्या आधी दोन-तीन तास मोकळे असले तरी आरामात होतं.