बारीक पी, जाड बी

नारायण पेठेतल्या आमच्या टायपिंग-शॉर्टहँड इन्स्टिट्यूटमध्ये शिरलं की समोर आयझॅक पिटमनची तसबीर दिसते. लांब पांढरी दाढी. नवी मुलं विचारतात, "सर, हे तुमचे आजोबा का?" दसऱ्याला पहिला हार तिलाच, मशीनना नंतर.

अप्पा सांगायचे, हा शाळामास्तर. वेगळ्या पंथात गेला म्हणून शाळेने काढलं, तर त्याने स्वतःची शाळा थाटली. शॉर्टहँडची, म्हणजे बोलणं खुणांनी झरझर टिपायची, टेलरची जुनी पद्धत छापायला निघाला, तर प्रकाशक म्हणाला, स्वतःचीच काढ की. १८३७ साली ४ पेन्सांचं पुस्तक आलं. १८४० मध्ये इंग्लंडात टपाल स्वस्त झालं, तेव्हा तो पत्राने शॉर्टहँड शिकवू लागला. सर पदवी मिळाली ८१व्या वर्षी.

शॉर्टहँडचे धडे अप्पांनी ज्यांना दिले, त्यातलेच एक त्यांचे भागीदार. एका मे महिन्यात रजिस्टर आणि अर्धी बॅच घेऊन ते समोरच्या माडीवर गेले. पाटी लावली: "तीन महिन्यांत १०० स्पीड, गॅरंटी." म्हणजे मिनिटाला १०० शब्द. आमच्याकडे उरली ६ मुलं. त्यातच मशीन टायपिंगच्या परीक्षा बंद झाल्या. १९ मशीन, त्यात अप्पांची रेमिंग्टनही, भंगारवाल्याने तराजूत तोलली. मी त्या दिवशी जेवलो नाही.

समोर बॉलपेनने शिकवत. आता सांगा, पी आणि बी एकच तिरपा स्ट्रोक, बारीक काढला तर पी, दाबला तर बी. बॉलपेनला दाब कळतो का? त्यांची पोरं 'बिल'चं 'पिल' वाचून परीक्षेत नापास व्हायला लागली, मग पायऱ्या चढून आमच्याकडे आली.

तोवर आम्हाला तगवलं शिवाजीनगर कोर्टातल्या एका स्टेनोकाकांनी. नवीन कुणी लागलं की म्हणत, "आधी अप्पांकडे जाऊन ये." निवृत्त झाले तरी रविवारी डिक्टेशनला येतात, ब्लेडने तासलेल्या चार पेन्सिली खिशात. टोक सुईसारखं नको, कागदावर जरा घासून घ्या. पेन्सिल आवळून धरू नका. आणि पान संपत आलं की डाव्या अंगठ्याने आधीच वर सरकवा, साहेब तुमच्यासाठी थांबत नाही.

गेल्या जूनमध्ये त्या भागीदारांची नात प्रवेशाला आली. माडी कधीच बंद झाली होती. पिटमनकडे बघून म्हणाली, "आजोबांकडेपण हाच फोटो होता."

फी पूर्ण घेतली. पेन्सिल मात्र मी दिली.